खापरपणजोबांचं दप्तर जाळू नका

2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात रघोजी भांगरे फासावर गेले. अकोले तालुक्यातल्या देवगावचा हा महादेव कोळी नाईक सावकार आणि कंपनी सरकार अशा दोघांच्याही विरोधात उभा ठाकला होता. या फाशीला दहा वर्षंही झाली नव्हती, तोच डिसेंबर 1857 मध्ये कॅप्टन नटॉल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने याच डोंगरपट्ट्यातल्या कोळ्यांची एक फलटण उभी करायला घेतली. कारण तातडीचं होतं. 4 ऑक्टोबर 1857 ला नांदूर शिंगोट्याजवळ भागोजी नाईकांच्या भिल्लांनी पोलीस सुपरिंटेंडंट लेफ्टनंट हेन्रीला ठार केलं होतं. डोंगरातल्या बंडाशी लढायला सरकारला डोंगरातलीच माणसं हवी होती. या कोळी फलटणीचे प्रमुख झाले जावजी नाईक बांबळे. आणि त्यांच्या हाताखाली जे अंमलदार निवडले गेले, त्यांत एक होता रघोजी भांगऱ्यांचा भाऊ.

जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये हे एका ओळीत आलं आहे. तिथे त्या माणसाची ओळख ‘प्रसिद्ध बंडखोर रघोजीचा भाऊ’ एवढीच. मार्च 1861 मध्ये फलटण मोडली, बहुतेक शिपाई पुन्हा नाचणी-वरईच्या शेतात गेले आणि ती ओळही संपली. रघोजींच्या नावाने आज चौक आहेत, पुतळे आहेत, जयंती होते, आणि ते व्हायलाच हवं. पण ज्या सरकारने आपल्या भावाला फासावर चढवलं, त्याच सरकारची वर्दी अंगात घालताना त्या दुसऱ्या भावाच्या मनात काय होतं? भीती होती, भूक होती, घरावरचा बंडखोरीचा ठपका पुसायचा होता, की भिल्ल नाईकांशी जुनं वैर होतं? हे सांगणारा कागद असलाच, तर तो कुठल्या कचेरीत असण्यापेक्षा एखाद्या घराच्या माळ्यावर असण्याचा संभव जास्त. आणि माळ्यावरचे कागद आपल्या नगर जिल्ह्यात फार झपाट्याने संपत चालले आहेत. हा लेख त्यासाठी आहे.

गेल्या दोन-तीन पिढ्यांत जुनी घरं पडली, वाडे वाटण्यांत गेले, वाटेकऱ्यांनी सागवानी खांब आणि तुळया विकल्या. खांबाला भाव होता. कोनाड्यातल्या दप्तराला नव्हता. काही रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, बंबात गेले, काही रद्दीवाल्याच्या तराजूवर, काही धरणाच्या विस्थापनात बैलगाडीवरून पडले ते पडलेच. कागद जाण्याची दोन कारणं आपण उघडपणे बोलतो. एक, मोडी कुणाला वाचता येत नाही. दोन, भाऊबंदकी, चुलत्याच्या हाती कागद लागला तर तो जमिनीवर हक्क सांगेल, म्हणून दडवलेला कागद दडवणाऱ्याबरोबरच जातो. तिसरं कारण मात्र दबक्या आवाजात सांगतात. आजोबांचे आजोबा इंग्रजांच्या बाजूला होते. रावसाहेब, रावबहादूर अशी किताबाची सनद चौकटीत होती, स्वातंत्र्य मिळाल्यावर ती भिंतीवरून उतरली, पुढे चौकट तेवढी राहिली आणि तिच्यात देवाची तसबीर आली. ‘कशाला उगीच लोकांना दाखवायचं?’ एवढ्या एका वाक्यावर किती दप्तरं चुलीत गेली असतील याचा हिशेब कुणापाशी नाही.

स्वातंत्र्यसैनिकाच्या घरात तुरुंगाचा दाखला, ताम्रपट, पेन्शनचा कागद नीट प्लास्टिकच्या पिशवीत असतो. इंग्रजांची चाकरी केलेल्या घरात तसं काही ठेवायची पद्धत नाही. परिणाम असा, की आपल्या जिल्ह्याच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात उठाव करणाऱ्यांचीच नावं उरत चालली आहेत. मग एवढे लोक उठाव करत होते, तर एवढं मोठं राज्य एवढ्या थोड्या गोऱ्यांनी चालवलं कसं, हा नातवाचा साधा प्रश्न अनुत्तरित राहतो.

भिंगारचं प्रकरण घ्या. ऑगस्ट 1803 मध्ये आर्थर वेलस्ली नगरवर चालून आला. 8 तारखेला त्याने शहराची तटबंदी शिडीने चढून घेतली, 12 तारखेला किल्ला पडला. किल्ल्यावर कुठून मारा करावा हे त्याला भिंगारचे देशमुख रघुराव बाबा यांनी सांगितलं आणि त्याबद्दल त्यांना चार हजार रुपये मिळाले, असं गॅझेटियर नोंदवतं. नगरमध्ये ही गोष्ट कुणी सांगितली की ऐकणारा लगेच मान हलवतो आणि ‘आपली माणसं अशीच’ म्हणून मोकळा होतो. मला हा निकाल फार घाईचा वाटतो. रघुरावांनी पैसे घेतले नसतील असं मी म्हणत नाही. पण त्या वेळचा नकाशा समोर ठेवून बघा. नगरचा किल्ला 1797 मध्येच पेशव्यांकडून दौलतराव शिंद्यांकडे गेला होता. म्हणजे देशमुखांच्या डोक्यावर शिंद्यांचा अंमल जेमतेम सहा वर्षांचा. आणि 1803 मध्ये खुद्द पेशवे दुसरे बाजीराव वसईच्या तहाने इंग्रजांचे मित्र झालेले होते. वेलस्लीच्या छावणीत त्या वेळी पेशव्यांचे सरदार बापू गोखले आपले स्वार घेऊन हजर होते. तेच बापू गोखले, जे पुढे 20 फेब्रुवारी 1818 ला आष्टीच्या मैदानात इंग्रजांशी लढता लढता पडले आणि ज्यांना आपण पेशवाईचे शेवटचे सेनापती म्हणून मानतो. मग भिंगारच्या देशमुखांनी 1803 मध्ये नेमका कुणाचा विश्वासघात केला? पेशव्यांचा तर नाहीच. शिंद्यांचा म्हणावा, तर शिंद्यांशी त्यांचं नातं काय होतं, वसुलीवरून भांडण होतं का, हक्क बुडाले होते का, हे कळायला देशमुखी दप्तराचा आधार हवा. त्याशिवाय आपल्या हातात उरते एका इंग्रज सेनापतीच्या बाजूची हकिगत आणि चार हजारांचा आकडा.

1818 चं उदाहरण तर याहून मोठं आहे, कारण त्यात एक-दोन माणसं नाहीत, अख्खा वर्ग आहे. 11 फेब्रुवारी 1818 ला कंपनीच्या एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला. वतनं, इनामं, देवस्थानांची नेमणूक, सगळं जसंच्या तसं चालेल. मात्र जे बाजीरावाच्या चाकरीत आहेत त्यांनी दोन महिन्यांच्या आत घरी परत यावं. नाही आले तर त्यांच्या जमिनी जातील. गोदावरी-भीमेच्या पट्ट्यातल्या शिलेदार घरांपुढे हा कागद आला तेव्हा काय घडलं असेल याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही. पेशवा पळतोय, पगार थकलेला, घोडा मेलेला, आणि घरी जमिनीवर टाच येणार. पुष्कळ लोक परत आले. त्या दिवसापासून ते ‘सरकार कंपनी इंग्रज बहादूर’ यांचे इमानी रयत झाले. ही राजनिष्ठा मनातून आलेली होती असं म्हणणंही भाबडेपणा आणि तिला गद्दारी म्हणणंही. उलट बाजूला बाजीरावाचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे होते, निमगाव जाळीचे. ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले, पुन्हा सापडले आणि 1829 मध्ये दूर चुनारगडच्या कैदेत वारले. एकाच तालुक्यात, कधी एकाच गावात ही दोन्ही टोकं नांदत होती. सोयरीक होत होती. पंक्तीला एकत्र बसत होती.

या परत आलेल्यांच्या वंशजांसाठी एक चांगली बातमी आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. इंग्रजांनी आधी वतनं राखण्याचं वचन दिलं आणि मग एकेकाला पुरावा मागितला. 1852 च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. मग इनामदाराने आपल्या इनामाची कैफियत द्यायची: मूळ सनद कुणाची, कुणाला, कशाबद्दल मिळाली, त्या पुरुषापासून आजपर्यंत वंशावळ काय, दत्तक कुठे झाला, मधल्या दंगलीत कागद कसे गेले. म्हणजे सरकारच्या संशयापायी हजारो घरांना आपला इतिहास स्वतःच्या तोंडून लिहून द्यावा लागला. पुण्याच्या पुराभिलेखागारात, जिथे पेशवे दप्तराचे रुमाल आहेत, तिथेच इनाम कमिशनचेही कागद आहेत. कमिशनला दिलेल्या कैफियतीची एक प्रत बहुधा घरी ठेवलेली असायची. आपल्या घरी ‘श्री’ने सुरू होणारा, बरेच बंद एकाखाली एक चिकटवलेला, मधेच ‘वंशावळ’ म्हणून गोल गोल काढलेला कागद असेल तर तो हाच असण्याची शक्यता चांगली आहे.

ही गोष्ट फक्त आपल्याकडेच घडली असं नाही. अमेरिकेने 1776 मध्ये ब्रिटिश राजाविरुद्ध बंड पुकारलं तेव्हा तिथले कितीतरी लोक राजाच्या बाजूला राहिले. बंड यशस्वी झालं आणि यांची घरंदारं जप्त झाली. पुष्कळ जण कॅनडात गेले. लंडनच्या पार्लमेंटने 1783 मध्ये नुकसानभरपाईसाठी कमिशन नेमलं, तर तीन हजारांहून जास्त लोकांनी दावे दाखल केले. नांगर किती, गायी किती, कुंपण किती लांब, मुलगा कुठल्या लढाईत पडला, सगळं तपशीलवार. आज कॅनडात त्या हरलेल्या, देशोधडीला लागलेल्या राजनिष्ठांचे वंशज हे दावे वाचून आपली वंशावळ सिद्ध करतात आणि तसं करून दिल्यावर त्यांना आपल्या नावापुढे दोन अक्षरं लावता येतात. ते अभिमानाने लावतात. आपल्याला तितक्या अभिमानाची गरज नाही असं माझं मत आहे. पण लपवण्याचीही गरज नाही.

त्या अमेरिकन राजनिष्ठांत एक गट असा होता की ज्याची आठवण नगर-पुणे रस्त्यावरच्या माणसाला विशेष व्हावी. मालकाला सोडून ब्रिटिशांच्या बाजूला या, तुम्ही गुलामीतून मुक्त, असं वचन मिळाल्यावर हजारो काळे गुलाम ब्रिटिश छावणीत गेले. 1783 मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरातून जाणाऱ्या अशा सुमारे तीन हजार स्त्री-पुरुषांची नावं, वय, मूळ मालक असा एक नोंदवह्यांचा संच झाला. आज आफ्रिकी वंशाच्या कितीतरी कुटुंबांना आपल्या पूर्वजाचं नाव पहिल्यांदा सापडतं ते तिथे. त्यांना कुणी देशद्रोही म्हटलं तर म्हणणाऱ्याचीच शोभा होते, कारण ज्या देशात ते गुलाम होते तो देश त्यांचा होता कधी?

शिरूरहून 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठच्या कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी लढली. शिरूर म्हणजे घोड नदीच्या पलीकडचं, आपल्या पारनेर-श्रीगोंद्याला लागून असलेलं. कोरेगावच्या जयस्तंभावर पडलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली महार शिपायांची नावं पुष्कळ. 1 जानेवारी 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले तेव्हापासून त्या दगडाचा अर्थच बदलला. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवलं, त्याने गावाच्या राजाशी निष्ठा का ठेवावी, हा प्रश्न तिथे दगडात उभा आहे. नंतर त्याच सरकारने 1890 च्या दशकात महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांपासून शिवराम जानबा कांबळ्यांपर्यंत सगळ्यांनी अर्ज लिहिले ते ‘आमच्या बापजाद्यांनी सरकारची चाकरी केली’ या मुद्द्यावर. चाकरीचा पुरावा हाच तिथे हक्काचा पुरावा झाला. नगर ही जुनी लष्करी छावणी. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेल्या सुभेदार-जमादारांची घरं जिल्ह्यात आहेत आणि त्यांच्या डिस्चार्जच्या कागदांवर, पदकांच्या कडेवर कोरलेल्या नंबरांवर एक अख्खी चळवळ उभी राहिली, हे त्या घरांतल्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

पदकाच्या कडेवर नंबर असतो हे बऱ्याच जणांना ठाऊक नाही. पहिल्या महायुद्धाचं चांदीचं गोल पदक घरात असेल तर ते सोनाराकडे नेण्याआधी भिंगाने त्याची कड बघा. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे बारीक अक्षरांत ठोकलेली असते. हे नाव महत्त्वाचं आहे, कारण इंग्रज सरकारने ते स्मारकावर कोरायची तसदी बऱ्याचदा घेतलीच नाही. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या सैनिकांसाठी बसऱ्याला जे स्मारक उभारलं, त्याच्या भिंतीवर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली गेली. हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार आकडे. राजासाठी मेलेल्या माणसाला राजाने आकडा दिला. युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाच्या नोंदींत आता अशी नावं आहेत. बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असा पत्ताही कितीकांना आहे. पण स्पेलिंग असं की पारनेर, राहुरी, शेवगाव ही नावं ओळखायला घरचा माणूसच लागतो. तुमच्या गावच्या चावडीत किंवा शाळेच्या भिंतीत ‘या गावातून इतके लोक महायुद्धास गेले’ अशी संगमरवरी पाटी असेल, आणि रंगरंगोटीत तिच्यावर ऑइलपेंटचा हात फिरला असेल, तर पुढच्या ग्रामसभेत तो रंग काढायचा ठराव मांडा. खर्च फार नाही. ठिणगी पडायला एक माणूस पुरतो.

निमजचे नामदेव जाधव आपल्याला चालतात ना? संगमनेर तालुक्यातलं हे गाव. 9 एप्रिल 1945 ला इटलीत सेनियो नदीच्या काठी, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या या तरुण शिपायाने दोन जखमी साथीदारांना गोळीबारातून बाहेर काढलं, एकट्याने शत्रूची मशीनगन ठाणी मोडली, आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो राजाच्याच पलटणीत होता, राजाच्याच पगारावर. 1942 मध्ये नगरच्या किल्ल्यात डांबलेले नेहरू त्या वेळी अजून कैदेतून सुटायचे होते. जिल्हा दोघांचाही आहे. जाधवांचा अभिमान बाळगताना कुणाला अडचण वाटत नाही, मग सनदवाल्या खापरपणजोबांपाशीच आपली जीभ का अडखळते?

आता प्रत्यक्ष दप्तराकडे. घरातला रुमाल सोडला की आत काय दिसतं? तांबूस किंवा पिवळट पडलेला, हातबनावटीचा जाड कागद, बोरूने लिहिलेली सलग मोडी, ओळीवर आधीच आखलेली रेघ आणि तिला लटकलेली अक्षरं. वर ‘श्री’. तारखेच्या जागी ‘छ’ हे अक्षर आणि पुढे मुसलमानी महिना. तो चंद्राचा दिवस. वर्ष अरबी शब्दांत. ‘तिसा अशर मयातैन व अलफ’ असं दिसलं तर दचकू नका, ते सुहूर सन 1219, म्हणजे जून 1818 पासूनचं वर्ष. पेशवाई बुडाल्यानंतरचं अगदी पहिलं. त्याच कागदाच्या शेवटी पेशव्यांच्या शिक्क्याऐवजी कंपनीचा शिक्का असेल तर तुमच्या हातात सत्तांतराचाच कागद आहे. गंमत अशी की राज्य बदललं तरी कारकुनाने सन, मायना, ‘जाणिजे’, ‘मोर्तब सुद’ यांतलं बरंच काही लगेच बदललं नाही. लिहिणारा बहुधा तोच होता. मला विचाराल तर त्या काळातला खरा राजनिष्ठ हा कुलकर्णी: निष्ठा दप्तरावर, राजा कोणीही असो.

2023 पासून मोडी वाचणाऱ्याला अचानक भाव आला आहे. न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली आणि तहसील कचेऱ्यांचे अभिलेख कक्ष उघडले. कडईपत्रकं, पाहणीपत्रकं, कोतवाल बुकं, गाव नमुना 14 बाहेर आले. महादेव कोळी आणि इतर आदिवासी घरांना तर 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा जात पडताळणीत लागतोच. पलटणीच्या, पोलिसांच्या, जंगलखात्याच्या जुन्या कागदांत जात, गाव, बापाचं नाव असतं. म्हणजे ज्या चाकरीची लाज वाटून कागद टाकला, त्याच कागदात नातवाच्या प्रवेशाचा पुरावा असू शकतो. पण इथेच एक नवा धोका जन्मला आहे. ज्या पानावर हवा तो एक शब्द सापडला ते पान ठेवायचं आणि बाकीचा रुमाल रद्दीत. हे कृपा करून करू नका. त्या पानाची अस्सलता पुढे कुणी विचारली तर तिला आधार मागच्या-पुढच्या पानांचाच असतो. आणि कोणत्याही कारणाने कागदावर एक अक्षरही ‘सुधारू’ नका. खाडाखोड केलेलं दप्तर जळालेल्या दप्तराइतकंच निरुपयोगी.

मग करायचं काय? रुमाल उन्हात वाळत घालू नका, सावलीत पसरा. ज्या क्रमाने कागद आहेत तो क्रम मोडू नका. क्रमातही अर्थ असतो. लॅमिनेशन कधीच नको, चिकटपट्टी नको, फेव्हिकॉल नको. आजकाल जो तो कागद दिसला की झेरॉक्सच्या दुकानात जाऊन लॅमिनेट करतो; त्याने ओलावा आत कोंडतो आणि कागद आतल्या आत मरतो. मोबाइलवर दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. शिक्का, मागची पाठ, घड्यांच्या खुणा, सगळं. मग कागद धुतलेल्या सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा. मूळ कागद देणगी द्यायलाच पाहिजे असं नाही, ती भीती बाळगू नका. नगरचं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय 1960 पासून मोडी कागद जमवतं, राखतं. तिथे जाऊन दाखवा, विचारा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, 1910 सालचं. आणि राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. गावातल्या एका तरी पदवीधर पोराला तिकडे पाठवा. गावाला शंभर मोडी वाचक नकोत, तालुक्याला दहा असले तरी पुष्कळ काम होईल.

घरी कागद नसले तरी वाट बंद नाही. तलाठ्याकडच्या गाव नमुना 3 मध्ये दुमाला जमिनींची नोंद असते. इनाम कशाबद्दल होतं हे तिथे कळू शकतं. जुन्या फेरफारांत वारसांची साखळी. त्र्यंबकेश्वर, पैठणच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांच्या हस्ताक्षरासकट वंशावळी. ज्या घरांना हे सगळं बंद होतं, वतन नव्हतं, देवळात पाऊल नव्हतं, त्यांतल्या काहींसाठी अमेरिकन मराठी मिशनचे कागद आहेत. हे मिशन 1831 मध्ये नगरला आलं, 1842 मध्ये इथूनच ‘ज्ञानोदय’ सुरू झालं, आणि या मिशनऱ्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन मंडळाचे कागद आज हार्वर्डच्या ग्रंथालयात आहेत. आपल्या गावातल्या चर्चच्या जुन्या बाप्तिस्मा रजिस्टराला वाळवी लागू नये एवढं तरी तिथल्या मंडळींनी बघावं. इंग्रजी कागद शोधताना जिल्ह्याचं नाव आज काय आहे याला अर्थ नाही. 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, पण 1858 च्या कारकुनाने अहमदनगरच लिहिलेलं आहे, तेही चार-चार स्पेलिंगांनी.

जिल्हा परिषदेने, महाविद्यालयांनी आणि इथल्या संस्थांनीही हात लावायला हवा. अकोले, संगमनेर, पारनेर, श्रीगोंदा अशा ठिकाणी वर्षातून एकदा ‘दप्तर दाखवा’ दिवस भरवा: एक स्कॅनर, दोन मोडी जाणणारे, आणि घरच्यांना तिथल्या तिथे प्रत. मूळ कागद घरमालकाने घरी घेऊन जायचा. कुणाचा पूर्वज कुठल्या बाजूला होता याची चर्चा त्या मांडवात होणार नाही, असं आधी जाहीर करा, म्हणजे लोक येतील. राजूरच्या आणि अकोल्याच्या शाळांतल्या शिक्षकांना एक खास विनंती. 1857 ते 1861 मधल्या कोळी फलटणीत गेलेल्या माणसांची गावनिहाय यादी सार्वजनिक झालेली माझ्या तरी पाहण्यात नाही. तुमच्या वर्गातल्या बांबळे, भांगरे, साबळे, धिंदळे आडनावांच्या मुलांना घरी विचारायला सांगा: आपल्या घरातलं कोणी साहेबाच्या पलटणीत होतं का, तलवार होती का, पट्टा होता का, बिल्ला होता का. म्हातारी माणसं अजून आहेत, आणि त्यांनी त्यांच्या आज्याकडून ऐकलेलं आहे. पाच-दहा वर्षांनी हा प्रश्न विचारायला कुणी उरणार नाही.

येत्या दिवाळीच्या साफसफाईत माळा काढाल तेव्हा जुन्या पत्र्याच्या ट्रंकेतलं काहीही वाचून झाल्याशिवाय टाकू नका. वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याला दाखवेपर्यंत ठेवा. रद्दीवाला पुढच्या वर्षीही येणारच आहे.